ऑपरेटरकाकांना विचारा : ध्रुवावरचा पोलिश कॅमेरा

प्रश्न : काका, मुलगी शिकायला पोलंडला आहे. ती म्हणते, पोलिश लोकांनी १९३४ सालीच ध्रुवाकडे जाऊन माहितीपट काढला होता. पोलिश लोक म्हटलं की आम्हाला आठवतो तो महायुद्धातला कोल्हापूरजवळचा वळिवड्याचा निर्वासितांचा कॅम्प. त्यांचा ध्रुवाशी काय संबंध? आणि तसल्या थंडीत कॅमेरा चालतो तरी कसा?
— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : मुलगी बरोबर सांगते. तो माहितीपट ‘डो झिएमी टोरेल्ला’, म्हणजे ‘टोरेलच्या भूमीकडे’. नॉर्वेच्याही वर स्पिट्सबर्गेन नावाचं बेट आहे, त्यातला हा एक भाग. १९३४ च्या उन्हाळ्यात सात पोलिश माणसं तिथे गेली, नकाशे काढायला आणि खडक तपासायला. सिनेमा काढायला म्हणून कोणी गेलं नव्हतं. त्या सातांतलेच एक, विटोल्ड बिएर्नाव्स्की, यांनी तो चित्रित केला. हे गृहस्थ गिर्यारोहक आणि इंजिनिअर. पुढे क्राकोच्या खाणविद्या अकादमीत धातू कापण्याच्या शास्त्राचे प्राध्यापक. आपल्या किर्लोस्करवाडीत शोभला असता असा माणूस! म्हणून मला ते जवळचे वाटतात.

संबंधाचं म्हणाल, तर तो जुना आहे. १८९७ ला निघालेलं ‘बेल्जिका’ जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलं आणि माणसांनी तिथे पहिल्यांदा अख्खा हिवाळा काढला. त्यात आर्क्टोव्स्की आणि डोब्रोवोल्स्की हे दोन पोलिश होते. तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच. तो १९१८ ला परत आला. नव्याने मिळालेल्या देशाला आपलं नाव कुठेतरी लिहावंसं वाटणारच. १९३४ च्या नकाशाने टोरेलच्या भूमीतल्या एका डोंगराला पोलिश खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकसचं नाव मिळालं.

आता थंडी. तंबू टॉकीजमध्ये असताना पुसेगावच्या जत्रेत मी मार्गशीर्षातले खेळ चालवलेत. पहाटेच्या शोला प्रोजेक्टरचं ग्रीस गोठल्यासारखं व्हायचं, पहिलं रिळ रडत रडत निघायचं. मग गिअरच्या डब्याला गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळायचं. पुसेगावात ही तऱ्हा, तर तिकडे काय होत असेल! हातात धरायचे कॅमेरे त्या काळी बहुधा चावीचे. तेल घट्ट झालं की स्प्रिंग दमते, फिल्म हळू सरकते, सेकंदाला चित्रं कमी निघतात आणि मग नेहमीच्या वेगाने दाखवली की पडद्यावर माणसं पळायला लागतात. म्हणून नेहमीचं तेल धुऊन काढतात आणि अगदी पातळ तेल घालतात.

फिल्मही कडक होते, वळणावर काडकन तुटते. कोरड्या हवेत भरभर सरकली तर घर्षणाने बारीक ठिणग्या पडतात आणि निगेटिव्हवर झाडाच्या फांद्यांसारख्या रेषा उमटतात. पण खरा घात उबेचा. गारठलेला कॅमेरा खोलीत आणला की भिंगावर, आत गिअरवर, सगळीकडे दव. तो तसाच परत बाहेर नेला की त्याचं बर्फ. त्यापेक्षा कॅमेरा बाहेर गारठ्यातच ठेवलेला बरा. माणूस आत, कॅमेरा बाहेर! माझ्या मालकाला हे पटलं नसतं, तो रात्री प्रोजेक्टर उशाशी घेऊन झोपायचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर ध्रुवावरच्या चित्रणाचं काम हौशी माणसांकडून सरकारी संस्थेकडे गेलं. लोड्झ शहरात शैक्षणिक चित्रपटांचा स्टुडिओ होता, तिथले यारोस्लाव ब्झोझोव्स्की ध्रुवप्रदेशात जाऊन चित्रण करायचे. १९५७ ला, आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात (तेव्हा अनेक देशांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास केला), पोलंडने स्पिट्सबर्गेनवर हॉर्नसुंडला संशोधन केंद्र उभारलं. ज्या खाडीकाठी ते आहे तिचं नावच पांढऱ्या अस्वलाचं, आणि ब्झोझोव्स्कींच्या माहितीपटाचं नावही ‘पांढऱ्या अस्वलांच्या खाडीत’. दक्षिणेकडे, अंटार्क्टिकावर, १९५९ ला बंगर ओॲसिस या बिनबर्फाच्या भागातलं सोव्हिएत केंद्र पोलंडला मिळालं, त्याला डोब्रोवोल्स्कींचं नाव दिलं. १९७७ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर आर्क्टोव्स्कींच्या नावाचं केंद्र सुरू झालं. ‘बेल्जिका’वरचे दोघेही असे परत अंटार्क्टिकाला पोचले.

आपल्या भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्रही २००८ पासून त्याच स्पिट्सबर्गेनवर आहे, हे मुलीला जरूर सांगा; तिकडच्या मैत्रिणींत भाव खाता येईल.

लोड्झला चित्रपटांचं संग्रहालय आहे, सुट्टीत तिला तिकडे पाठवा. फक्त स्टेशनवर ‘लोड्झ’ म्हणून तिकीट मागू नको म्हणावं. लिहितात तसं, पण म्हणतात ‘वूच’.