सेफ्टी, निकेल, लाइनबॅकर सगळं खेळणारा मुलगा: कॉलेजचे स्काउट काय बघतात

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा न्यू जर्सीत अकरावीत, अमेरिकन फुटबॉल खेळतो, उंची सहा फूट, वजन १९० पाउंड. शाळेचा कोच त्याला सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू), निकेल (आतल्या बाजूच्या रिसीव्हरला सांभाळणारा जादा बचावपटू) आणि गरज पडली तर आउटसाइड लाइनबॅकर (पुढच्या फळीमागे कडेला उभा राहणारा बचावपटू) म्हणूनही उतरवतो. कॉलेजांना पाठवताना 'सगळं खेळतो' हीच त्याची ओळख करून द्यावी का?

नाही. निदान पहिल्या ओळीत तरी नको. कॉलेजात सेफ्टींचा कोच वेगळा असतो, लाइनबॅकरांचा वेगळा, आणि मोठ्या संघांत कॉर्नरांचाही (कडेच्या रिसीव्हरला धरणाऱ्यांचाही) वेगळाच. मुलाला घ्यायचं तर यातल्या एकाने बैठकीत त्याच्यासाठी भांडावं लागतं. तिन्ही जागी 'चालेल' असा मुलगा तिघांच्याही यादीत पाचवा-सहावा राहतो. आधी घरची, म्हणजे मुख्य, एक जागा ठरवा, बहुगुण दुसऱ्या ओळीत सांगा.

तुमच्याच राज्यातलं उदाहरण मिंका फिट्झपॅट्रिकचं. जर्सी सिटीच्या सेंट पीटर्स प्रेपमधून तो अलाबामाला गेला, तिथे स्लॉटमध्येही (निकेलच्या जागी) खेळला आणि सेफ्टीलाही, २०१७ मध्ये थॉर्प आणि बेडनरिक हे बचावपटूंचे दोन्ही पुरस्कार घेतले. पुढे व्यावसायिक लीग एनएफएलमध्ये मायामीने त्याला जागोजागी फिरवलं. सप्टेंबर २०१९ मध्ये पिट्सबर्गने पहिल्या फेरीचा पिक (नवे खेळाडू निवडायचा हक्क) मोजून त्याला घेतलं, फ्री सेफ्टीला स्थिर केलं आणि त्याच मोसमात तो ऑल-प्रो (लीगच्या सर्वोत्तम संघात) झाला. खेळाडू तोच होता.

घरची जागा ठरवायची कसोटी साधी आहे. आत कुणाची मदत नसताना मुलाला स्लॉट रिसीव्हरवर (आतल्या बाजूला उभ्या रिसीव्हरवर) मॅन कव्हरेजमध्ये, म्हणजे एकास एक, सोडा. स्लॉटवाल्याला आत-बाहेर दोन्हीकडे पळायची मोकळीक असते, त्यामुळे कंबर उशिरा वळते ते लगेच उघडं पडतं. पंधरा यार्डांपर्यंत तो रिसीव्हरच्या कमरेला चिकटून राहिला तर निकेल. तिथे मागे पडतो, पण दहा-बारा यार्ड मागून खेळ वाचून वेळेवर पोचतो, तर सेफ्टी. दोन्ही अर्धवट, पण खांदे रुंद, मनगटं जाड आणि दोन वर्षांत २१५-२२० पाउंड पेलेल अशी चण, तर लाइनबॅकर. हे शाळेच्या कोचला स्पष्ट विचारा. तो बहुतेक वेळा मुलाला संघाच्या गरजेपोटी फिरवत असतो, मुलाच्या भवितव्याचा विचार करून नव्हे, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता फिल्म, कारण निम्मा निकाल इथेच लागतो. हुडलवर (खेळाडूंच्या फिल्मची वेबसाइट) तीन-चार मिनिटांची हायलाइट्स पुरेत. पहिल्या पाच क्लिप्स घरच्या जागेच्या, प्रत्येकीत स्नॅपआधी (खेळी सुरू होण्याआधी) मुलावर खूण. कुणीही ब्लॉक न केलेल्या ब्लिट्झवर (क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडायची चाल) मारलेला सॅक (क्वार्टरबॅकला पाडणं) सुरुवातीला लावू नका. स्काउटला (खेळाडू हेरणाऱ्याला) त्यातून कोचची चाल दिसते, मुलगा नाही. डोकं खाली घालून केलेली धडकही काढा. घरी टाळ्या पडतात, पण कॉलेजात टार्गेटिंग (डोक्याने किंवा डोक्यावर मारलेली धोकादायक धडक) ठरलं की खेळाडू सामन्यातून बाहेर, म्हणून स्काउट तिथे धोका बघतो. त्याला हवा असतो जवळचा पाय आणि जवळचा खांदा लावून, डोकं वर ठेवून केलेला टॅकल.

हायलाइट आवडल्यावर पूर्ण सामन्याची फिल्म मागतात, आणि गडबड होते ती इथे. शाळेचा कॅमेरा बॉलच्या मागे धावतो, सेफ्टी फ्रेममध्येच नसतो. सगळे बावीस खेळाडू दिसतील अशी रुंद फ्रेम आणि एन्ड झोनमागचा कोन, दोन्ही आत्ताच मागून ठेवा. त्यात स्काउट बघतो: स्नॅपच्या वेळी नजर क्वार्टरबॅकवर भटकते की समोरच्या फळीतल्या ठरलेल्या गार्ड किंवा टाइट एन्डवर असते, पहिलं पाऊल चुकीचं पडतं का, रिसीव्हरचा ब्लॉक झटकताना बाहेरचा हात मोकळा राहतो का, पलीकडच्या बाजूच्या धावेवर तो पाठलागाचा कोन धरतो की चालत येतो. सुटलेले टॅकल मोजले जातातच.

एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. शाळेच्या मैदानात दोन हॅशमधलं (खेळीआधी बॉल ज्यांच्या आत ठेवतात त्या खुणांच्या दोन रांगांमधलं) अंतर ५३ फूट ४ इंच, कॉलेजात ४० फूट. म्हणजे बॉल हॅशवर असला की शाळेत अरुंद बाजू जेमतेम अठरा यार्डांची उरते, कॉलेजात वीसची. फक्त अरुंद बाजूला खेळलेला सेफ्टी फिल्ममध्ये आहे त्यापेक्षा वेगवान वाटतो. म्हणून रुंद बाजूच्या क्लिप्स जरूर घाला. स्पेशल टीम्सच्याही (किकच्या वेळी उतरणाऱ्या संघांच्या) घाला. पहिल्या वर्षी मैदानात उतरायचा रस्ता बहुधा किकऑफ आणि पंट कव्हरेजमधून जातो.

मापं खरी द्या. उंची एक इंच वाढवली तर जूनच्या कॅम्पमध्ये मोजपट्टीखाली पकडली जाते, मग बाकीच्या आकड्यांवरही विश्वास उरत नाही. चाळीस यार्डांची हातघड्याळाची वेळ जवळजवळ नेहमीच खऱ्यापेक्षा चांगली येते. त्यापेक्षा ट्रॅकवर १०० किंवा २०० मीटर पळवा. इलेक्ट्रॉनिक वेळेवर कुणी शंका घेत नाही. बास्केटबॉल किंवा कुस्ती खेळत असेल तर तीही फिल्म जोडा, कमरेची लवचिकता तिथे छान दिसते.

ईमेल सेफ्टींच्या कोचला आणि तुमचा भाग सांभाळणाऱ्या कोचला पाठवा. विषयाच्या ओळीतच पदवीचं वर्ष, घरची जागा, उंची-वजन आणि जीपीए (गुणांची सरासरी). डिव्हिजन वनचे (कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटाचे) कोच नियमाने ठरलेल्या तारखेपासूनच स्वतःहून ईमेल करू शकतात. त्याआधी उत्तर आलं नाही म्हणून खट्टू होऊ नका. पैसे घेऊन 'भरती करून देतो' म्हणणाऱ्यांची गरज नाही.

अभ्यासाचा हिशेब मात्र आजच करा. डिव्हिजन वनसाठी १६ कोर कोर्स आणि त्यांत किमान २.३ जीपीए लागतो. त्यांतले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्या दहातले सात इंग्रजी, गणित व विज्ञानाचे. शाळेचा प्रत्येक कोर्स एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या) मान्य यादीत असतोच असं नाही, समुपदेशकाकडून एकेक तपासून घ्या.

२०२५ पासून खेळाडूंना थेट पैसे द्यायची नवी व्यवस्था स्वीकारलेल्या मोठ्या कॉलेजांत संघ १०५ खेळाडूंपुरता मर्यादित आहे आणि त्यांतल्या बऱ्याच जागा ट्रान्सफर पोर्टलमधल्या (कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतल्या) अनुभवी मुलांकडे जातात. त्यामुळे यादीत एफसीएस (डिव्हिजन वनचाच दुसरा स्तर) आणि डिव्हिजन टूची नावं सुरुवातीपासून ठेवा. आयव्ही लीग आणि डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण गुण चांगले असतील तर कोचचा शब्द प्रवेशाच्या वेळी कामी येऊ शकतो. आर्थिक मदतीचा अंदाज त्या त्या कॉलेजच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर भेटीला जाण्याआधीच काढा.