आलिशान गाडीच्या कोणत्या तक्रारी मनावर घ्यायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षं वापरलेली एक प्रीमियम एसयूव्ही पसंत पडली आहे, पण मालकांच्या तक्रारी वाचून घरच्यांची पाचावर धारण बसली आहे. मागच्या कॅमेऱ्यासाठी दोनदा रिकॉल (दोषामुळे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं) झालाय, ४८ व्होल्टची बॅटरी एकदा बदललीय, आणि विकणारा म्हणतो आता काही काळजी नाही.

आधी त्या कॅमेऱ्याचं बघू. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या प्रवासी गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसलंच पाहिजे असा नियम आहे. सॉफ्टवेअर अडखळून पडदा काळा राहिला तरी तो सुरक्षा नियमाचा भंग ठरतो आणि रिकॉल निघतो. गेल्या काही वर्षांत जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीचे असे रिकॉल झालेत. म्हणून नुसता रिकॉलचा आकडा मोजून गाडी चांगली की वाईट ते कळत नाही. शिवाय रिकॉल निघाला म्हणजे बहुतेक वेळा दोषाचं कारण कंपनीने शोधून लेखी दिलं आहे आणि दुरुस्ती फुकट आहे. मला जास्त धास्ती वाटते ती सर्व्हिस सेंटरमध्ये "सर, या मॉडेलला हे नॉर्मल आहे" असं उत्तर मिळणाऱ्या दोषांची.

मी तक्रार वाचताना चारच गोष्टी बघतो. चालती गाडी बंद पडू शकते का? ब्रेक किंवा स्टिअरिंगची मदत जाऊ शकते का? आग लागू शकते का? आणि काही झालंच तर आतल्या माणसाला बाहेर पडता येतं का? बाकी सगळं खिशाचं दुखणं. ते कमी नसतं, पण वेगळं असतं.

चालत्या गाडीची ताकद जाणं हे नव्या आलिशान गाड्यांचं सगळ्यात मोठं दुखणं, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा इंजिनात नसून विजेत असतं. ४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिनाला छोट्या विजेच्या मोटरचा हातभार असलेल्या गाडीत, बऱ्याचदा जुन्या पद्धतीचा अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र) नसतोच. स्टार्टर आणि जनरेटर एकच, तो ४८ व्होल्ट तयार करतो, आणि त्यातून कन्व्हर्टर १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करतो. ही साखळी कुठेही तुटली की गाडी उरलेल्या १२ व्होल्टवर काही वेळ रेटते. आधी पडद्यावर एकामागोमाग इशारे येतात, एसी मंद होतो, मग एकेक यंत्रणा मान टाकते. मर्सिडीजने २०२४च्या सुरुवातीला अमेरिकेत १ लाख १६ हजारांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या, त्याचं कारण ऐकाल तर हसाल: पुढच्या प्रवासी सीटखालचं ४८ व्होल्टचं अर्थिंग नीट आवळलेलं नसण्याची शक्यता. सैल जोड तापतो, तापला की आगीचा धोका. एवढी महागडी गाडी, आणि दोष एका नटाचा.

इलेक्ट्रिक गाड्यांत हेच दुखणं दुसऱ्या रूपात येतं. जेनेसिसच्या जीव्ही६०, इलेक्ट्रिफाइड जीव्ही७० आणि जी८० यांच्यात आयसीसीयू नावाचं युनिट मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करतं. ते जळलं की छोटी बॅटरी उतरते आणि भरलेली मोठी बॅटरी असूनही गाडी रस्त्यात उभी राहते. ह्युंदाई आणि जेनेसिसने मिळून अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये दीड लाखाच्या जवळपास गाड्या त्यासाठी बोलावल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन लाखांहून जास्त. दुसऱ्या खेपेला पहिल्या रिकॉलमध्ये दुरुस्त झालेल्या गाड्याही होत्या. तेव्हा "रिकॉलचं काम झालंय" एवढ्यावर थांबायचं नाही. कोणत्या रिकॉलचं काम झालं, कधी झालं, आणि त्यानंतर नवा निघाला का, हे चॅसिस नंबर टाकून तपासायचं. पाच मिनिटांचं काम आहे. पोर्शच्या टायकानची गोष्टही याच जातीची: २०२१ मध्ये चालता चालता ताकद जाते म्हणून सुमारे ४३ हजार गाड्या बोलावल्या, आणि उपाय होता सॉफ्टवेअर.

तुम्ही बघायला जाल तेव्हा खिशात साधा मल्टिमीटर ठेवा. गाडी रात्रभर बंद राहिली असेल तर १२ व्होल्टची चांगली बॅटरी १२.६च्या आसपास दाखवते. १२.२च्या खाली असेल तर एक तर बॅटरी संपत आलीय किंवा गाडी झोपेतही वीज पितेय. दुसरी शक्यता जास्त वाईट, कारण एखादं मॉड्यूल (गाडीतला छोटा कंट्रोल कॉम्प्युटर) झोपतच नाही आणि ते शोधण्यात आठवडे जातात. आणखी एक: अशा बऱ्याच गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर ती गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावी लागते. बाहेर कुणी नुसतीच बदलून दिली असेल तर गाडी जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करत राहते आणि नवीही लवकर मरते.

आता ब्रेक. हल्ली बऱ्याच गाड्यांत पेडल आणि चाक यांच्यामध्ये एक इलेक्ट्रॉनिक युनिट असतं. बीएमडब्ल्यूने सप्टेंबर २०२४ मध्ये कॉन्टिनेंटलने पुरवलेल्या अशाच युनिटमुळे जगभरात सुमारे १५ लाख गाड्यांचा प्रश्न निघाल्याचं सांगितलं आणि त्या वर्षीच्या नफ्याचा अंदाजच खाली आणला. मिनी आणि रोल्स-रॉइसच्या गाड्याही त्यात आल्या. अशा वेळी ब्रेक पूर्ण जात नाहीत, मदत जाते. पेडल दगडासारखं लागतं आणि माणूस घाबरून पाय उचलतो, तिथे घात होतो. पाय उचलायचा नाही, पंप करायचा नाही, सगळा जोर लावून दाबून धरायचं. तरीही कमी पडलं तर इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकचं बटण धरून ठेवायचं, बहुतेक गाड्यांत ते चालत्या गाडीला नियंत्रित ब्रेक लावतं. तुमच्या मॉडेलला तसं आहे का ते मॅन्युअलमध्ये आधीच वाचून ठेवा.

व्होल्व्होचा २०२५ मधला रिकॉल मला सगळ्यात बोलका वाटतो. प्लग-इन हायब्रिड बी मोडमध्ये किंवा इलेक्ट्रिक गाडी वन-पेडल मोडमध्ये (दोन्हींत पाय उचलला की मोटरच गाडी मंद करते) ठेवून उतारावर पेडलला हात, म्हणजे पाय, न लावता किमान १ मिनिट ४० सेकंद उतरत राहिलात आणि मग ब्रेक दाबलात, तर ब्रेक पूर्ण जाऊ शकत होते. कारण सॉफ्टवेअरची एक नवी आवृत्ती. अशी चाचणी कुणी शोरूममधून निघून दहा मिनिटांच्या फेरीत करत नाही, घाट लागल्याशिवाय हा दोष दिसणारच नाही. म्हणून सॉफ्टवेअर अपडेट आलं की लगेच "चला, सुधारली" म्हणू नका. अपडेटनंतरचे पहिले काही दिवस ब्रेक, स्टिअरिंग आणि क्रूझ कंट्रोल यांच्याकडे जरा कान देऊन गाडी चालवायची. टायकानच्या २०२४च्या रिकॉलमध्ये मात्र सॉफ्टवेअरचा काही संबंध नव्हता. पुढच्या ब्रेकच्या रबरी होजला चिरा पडत होत्या, म्हणून तोवर बनलेल्या सगळ्या टायकान बोलावल्या. ब्रेक ऑइल कमी झाल्याचा इशारा दिसला तर गाडी बाजूला घेऊन टो मागवा. वरून ऑइल ओतून पुढे जाण्याचा उद्योग करू नका.

गाडी आपोआप ब्रेक मारते ही तक्रारही खूप दिसेल. टेस्लाच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वाय यांच्याबद्दल अमेरिकेच्या वाहनसुरक्षा संस्थेने, एनएचटीएसएने, फेब्रुवारी २०२२ मध्ये चौकशी सुरू केली ती यासाठीच. पुलाची सावली, समोरून येणारा ट्रक, काहीही निमित्त होतं. इतर कंपन्यांतही होतं, फक्त कमी बोललं जातं. कॅमेऱ्यासमोरची काच बदलली असेल, रडारसमोरचा बंपर रंगवला असेल, तर त्यानंतर कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांची पुन्हा अचूक जुळवणी, झालं होतं का ते आधी विचारा. निम्मी प्रकरणं मला तिथेच संपताना दिसलीत.

दारांबद्दल फार थोडे लोक विचारतात, आणि मला ते खटकतं. विजेवर उघडणारी दारं १२ व्होल्ट गेल्यावर हट्टाला पेटतात. एनएचटीएसएने सप्टेंबर २०२५ मध्ये २०२१च्या मॉडेल वायची चौकशी उघडली, कारण बॅटरी उतरल्यावर बाहेरचं हँडल चालत नव्हतं आणि मुलं आत अडकल्याच्या तक्रारी होत्या. आतून उघडायची यांत्रिक सोय असते, पण कुठे? त्या गाडीच्या ज्या प्रकारांत मागच्या दाराला ती आहे, तिथे दाराच्या खणाच्या तळाशी, चटईखाली, एका झाकणाआड केबल. अंधारात, धुरात, घाबरलेल्या माणसाला ती सापडेल? तुम्ही घ्याल त्या गाडीत चारही दारांची सोय शोधा आणि मागे बसणाऱ्यांकडून एकदा उघडून घ्या. मुलं लहान असतील तर हे टेस्ट ड्राइव्हइतकंच महत्त्वाचं.

आगीबद्दल एवढंच: इलेक्ट्रिक गाडीच्या रिकॉलमध्ये "घराबाहेर, मोकळ्या जागी उभी करा" असं लिहिलं असेल तर ते अक्षरशः पाळा. जॅग्वार आय-पेसमध्ये आधी सॉफ्टवेअरने चार्जिंगला मर्यादा घातली, ती पुरली नाही, आणि २०२४ मध्ये कंपनी अमेरिकेतल्या २०१९च्या गाड्या परत विकत घेण्यावर आली. पण आग ही फक्त इलेक्ट्रिकची मक्तेदारी नाही. बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर (इंजिनाचा धूर थंड करून परत आत सोडणारा भाग) गळून आगी लागत होत्या, २०१८ मध्ये जगभरात १६ लाख गाड्यांपर्यंत ते प्रकरण गेलं.

इंजिनही निर्दोष नाहीत. कॅडिलॅक एस्कलेडमधलं जनरल मोटर्सचं ६.२ लिटर व्ही८ एप्रिल २०२५ मध्ये सुमारे सहा लाख गाड्यांच्या रिकॉलमध्ये आलं, क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमधल्या दोषामुळे. तपासणीत नापास झालेल्यांना नवं इंजिन, पास झालेल्यांना जाड ऑइल. हा "जाड ऑइल" उपाय मला काही पटलेला नाही. लेक्सस एलएक्स६०० आणि तिच्या इंजिन-भावंडांत मशीनिंगचा कीस आत राहून बेअरिंग जात होती, त्यासाठी २०२४ मध्ये लाखभर गाड्या बोलावल्या. विश्वासार्हतेत लेक्ससचं नाव घेताना लोक आदराने कानाला हात लावतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता एक दोष जो रिकॉलच्या यादीत क्वचित दिसतो, पण मी सगळ्यात जास्त पाहिलाय: पाणी. पॅनोरमिक छताला चार कोपऱ्यांत निचऱ्याच्या नळ्या असतात. पानं-धूळ साचून त्या तुंबल्या की पाणी खांबातून उतरून कार्पेटखाली जातं, आणि नेमकी तिथेच, सीटखाली, कंपन्यांनी मॉड्यूल आणि जोडण्या ठेवलेल्या असतात. वरचं कार्पेट कोरडं लागतं, खालचा फोम चिंब असतो. मग महिनोन्‌महिने कधी सीट हलत नाही, कधी एअरबॅगचा दिवा, कधी पडदा रिसेट, आणि सर्व्हिस सेंटर दर वेळी वेगळा सुटा भाग बदलतं. गाडी बघायला गेलात की पायाखालची रबरी चटई उचला, कार्पेटच्या कडेतून बोटं खाली घाला, नाकाने वास घ्या. ओलसर वास आला तर किंमत कितीही खाली येवो, परत फिरा. नळ्या साफ करताना कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू देऊ नका, आतला जोड निसटतो आणि मग पाणी थेट आत.

एअर सस्पेन्शन (हवेच्या दाबावर गाडी तोलणारी यंत्रणा) सकाळी एका कोपऱ्यावर बसलेलं असेल तर एअर स्प्रिंग गळतंय, आणि कॉम्प्रेसर ती उणीव भरता भरता जळणार. खर्चिक आहे, जिवावरचं नाही. फोन तुटणं, पडदा अडकणं, डॅशबोर्डची कुरकुर, हेही त्याच खात्यात टाका. मालकांच्या तक्रारींत संख्येने पहिला नंबर पडद्याचाच लागतो, पण मोठ्या आवाजातल्या तक्रारी मोठ्या धोक्याच्या असतातच असं नाही. तक्रारी वाचताना तेच वर्ष, तेच किलोमीटर, तीच परिस्थिती आणि इशाऱ्याचे तेच शब्द वेगवेगळ्या लोकांकडून येतायत का, हे शोधा. दहा वेगळी रडगाणी म्हणजे काही नाही, पण एकच गाऱ्हाणं पाच जणांनी मांडलं असेल तर थांबून वाचायचं.

गाडी घेतलीत आणि दोष निघाला तर सगळी लढाई जॉबकार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर, असते. "ग्राहकाची तक्रार" या रकान्यात तुमचे शब्द लिहून घ्या: "ताशी ८० वर, उतारावर, एसी चालू असताना, पॉवर गेली, लाल इशारा आला". त्यांनी "जनरल चेकअप" लिहिलं तर सही करू नका. आधी स्कॅन, मग बॅटरी काढणं, कारण बॅटरी सोडल्यावर काही नोंदी पुसल्या जातात. दोषसंकेत आणि त्या क्षणाचा वेग-तापमान-व्होल्टेज यांची छापील प्रत मागा. सॉफ्टवेअर बदललं तर आधीचा आणि नंतरचा आवृत्ती क्रमांक लिहून घ्या. माझ्या स्वतःच्या एका गाडीत सर्व्हिस सेंटर दर खेपेला "दोष आढळला नाही" लिहून ताकास तूर लागू देत नव्हतं. त्या छापील प्रतीतला ९.८ व्होल्टचा आकडा बोट ठेवून दाखवला तेव्हा कन्व्हर्टर बदलून मिळाला.

तुमच्या गाडीकडे परत येतो. कॅमेऱ्याचे दोन रिकॉल सोडून द्या. प्रश्न फक्त ४८ व्होल्टच्या बॅटरीचा. ती बॅटरीच खराब होती म्हणून बदलली असेल तर हरकत नाही. पण कन्व्हर्टर, जोडणी किंवा पाणी यांच्यामुळे ती मेली असेल आणि कुणी मूळ कारण शोधलं नसेल, तर दुसरीही जाणार. विकणाऱ्याकडून त्या दिवसाचं जॉबकार्ड आणि दोषसंकेतांची प्रत मागा. द्यायला टाळाटाळ करत असेल तर तेच उत्तर समजा. मिळालं तर चॅसिस नंबर झाकून इथे टाका, कारण कुठलं ते बघून सांगतो.