वीस-पंचवीस मुलांची संगीतिका करायची तर योना घ्या

ताई, तुमची अडचण थोडक्यात अशी: संडे स्कूलची वीस-पंचवीस मुलं, वय चार ते चौदा, नोव्हेंबरात बालरविवार, हाताशी एक पेटी आणि एक ढोलकी, नाटक कुणीच बसवलेलं नाही, आणि प्रत्येक आईला आपल्या लेकराला 'पार्ट' हवाय. बायबलमधली दावीद आणि गल्याथ (मेंढपाळ पोर आणि धिप्पाड योद्धा) यांची गोष्ट घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत विचाराल तर ते नको. त्यात खरं काम दोघांनाच आहे, बाकीची पोरं दोन्ही बाजूंना उभी राहून कंटाळतात आणि मग एकमेकांना चिमटे काढतात. मुलांच्या संगीतिकेसाठी गोष्ट निवडताना मी एकच गोष्ट बघते: यात गर्दीला काम आहे का? त्या दृष्टीने बायबलात योनाइतकं सोयीचं पुस्तक नाही. चार छोटे अध्याय. देव योनाला निनवे शहराला इशारा द्यायला पाठवतो, तो जहाजाने उलट दिशेला पळतो, वादळात समुद्रात टाकला जातो, मासा त्याला गिळतो; शेवटी तो निनवेत 'चाळीस दिवसांनी शहर उलथेल' अशी दवंडी देतो, लोक पश्चात्ताप करतात, देव शहर वाचवतो आणि योना रुसतो. पहिल्यात खलाशी, दुसऱ्यात मासा, तिसऱ्यात अख्खं निनवे शहर. चौथ्यात वेल, किडा, ऊन आणि पूर्वेचा झोंबरा वारा, म्हणजे ज्यांना एखादी ओळ एकट्याने म्हणायची हौस आहे त्यांच्यासाठी चार नेमक्या भूमिका. योना स्वतः फार बोलत नाही, तेही चांगलंच.

संवाद लिहायला बसू नका. आधी गाणी करा, पाच पुरेत. यापोच्या बंदरावर खलाशांचं गाणं कोळीगीताच्या ठेक्यात, मग वादळ, माशाच्या पोटातली प्रार्थना अभंगाच्या चालीत, निनवेत दवंडी आणि शेवटचं समूहगीत. मधले दुवे दोन मोठ्या मुलांनी टाळ-चिपळ्या घेऊन कीर्तनकारासारखे सांगायचे. हे आपल्याकडे उपरं नाही. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-ओव्या लिहिल्या. टिळकांचं निधन १९१९ सालचं, त्यामुळे त्यांची पदं घ्यायला हक्कांचाही प्रश्न येत नाही. सिनेमाच्या चालीवर मात्र शब्द बसवू नका. लोकांच्या डोक्यात मूळ गाणंच वाजत राहतं.

चाल मधल्या सा पासून वरच्या सा पर्यंत राहील अशी निवडा. लहान मुलांचा आवाज खर्जात, म्हणजे खालच्या सुरांत, उतरत नाही, ती तिथे नुसती पुटपुटतात. आमच्याकडे पेटीची काळी एक किंवा पांढरी दोन ही पट्टी बहुतेकांना झेपते. तुम्हाला स्वतःला गायला सोपी पट्टी मुलांना सोपी असेलच असं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी पाच-सहा जणांना गायला लावून ठरवा. आणि मोबाइलवरचा ट्रॅक लावू नका. एखादं पोर ओळ गाळून पुढे गेलं तर पेटीवाला त्याला गाठू शकतो, ट्रॅक नाही.

आता वादळ. बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराने १९५८ साली इंग्लंडमध्ये ऑरफर्डच्या चर्चमध्ये बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयावर संगीतिका केली. त्यात प्राणी झाली होती मुलंच, आणि पावसाचे पहिले थेंब म्हणजे दोरीला टांगलेले चहाचे मग, त्यांवर लाकडी चमच्याने टकटक. हे आपल्याला जसंच्या तसं जमतं. घराघरातून चिनीमातीचे मग मागवा, वाजवून आवाजाप्रमाणे ओळीने टांगा आणि सात-आठ वर्षांच्या मुलांच्या हाती चमचे द्या. आधी एकच मग, सावकाश. मग दोन. मग पत्र्याचे डबे, ढोलकी, आणि बाकीच्यांनी मांडीवर थापा. योनाला समुद्रात टाकलं की सगळं एका क्षणात थांबलं पाहिजे. ही थांबण्याची तालीम गाण्याइतकीच करून घ्या.

ब्रिटनने आणखी एक केलं होतं: मधेमधे जमलेल्या लोकांनाही उपासनेची गीतं म्हणायला लावली. समुद्र शांत झाल्यावर चर्चच्या मंडळीला माहीत असलेलं एखादं गीत सर्वांनी म्हणावं. तेवढ्यात मासा तयार होतो.

मासा पुठ्ठ्याचा करू नका, त्यात दोन रविवार जातात आणि तो दारातून आत येत नाही. मोठ्या मुलांच्या दोन रांगा, खांद्यावरून करड्या चादरी, योना मधे. प्रार्थना त्याने आतूनच म्हणावी. मासा योनाला ओकून टाकतो तेव्हा सगळे हसतील. हसू द्या, शास्त्रात तसंच लिहिलंय.

दोन जागा लोक हमखास गाळतात, त्या तुम्ही गाळू नका. एक म्हणजे खलाशी योनाला लगेच फेकत नाहीत. तो स्वतः 'मला टाका' म्हणाल्यावरही ते किनारा गाठायला जीव तोडून वल्ही मारतात. त्या परक्या माणसांचा चांगुलपणा दिसला तरच योनाचा हट्ट कळतो. त्यांना वल्ह्यांच्या तालावर एक कडवं द्याच. दुसरी म्हणजे निनवेचा राजा माणसांबरोबर जनावरांनाही गोणपाट पांघरायला लावतो. चार-पाच वर्षांची मुलं इथे गाई-शेळ्या होतात: धान्याचं रिकामं पोतं, डोकं आणि हात बाहेर यायला भोकं, झाला पोशाख. पोती आधी धुऊन उन्हात टाका, नाहीतर अंगाला खाज सुटते. त्यांनी फक्त 'चाळीस दिवस' एवढंच पालुपद म्हणायचं.

तालमींचं म्हणाल तर पहिले तीन रविवार नुसती गाणी, जागेवर बसून, ऐकून पाठ. शब्द तोंडात बसले की हालचाली आपसूक सुचतात, बऱ्याचशा मुलंच सुचवतात. माइक दोन, स्टँडवर. हातोहात फिरवायला लागलात की गाणं सोडून माइकचंच नाटक होतं.

आयांना पहिल्याच आठवड्यात भेटून सांगा की या संगीतिकेत सर्वात जास्त वेळ समूहच गाणार आहे आणि योना पाचांपैकी एकच गाणं एकटा म्हणणार आहे. योनाला पर्यायी मुलगा तयार ठेवा, नोव्हेंबरात सर्दी-ताप ठरलेला.

शेवट गोड करण्यासाठी योना सुधारला असं काही जोडू नका. पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं: ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं या शहरात आहेत, त्यांची मी पर्वा करू नये काय? ही ओळ सगळ्यांनी मिळून म्हणावी, पोत्यातली पोरं पुढे. पाळकसाहेबांना आधीच विनंती करून ठेवा की लगेच त्याचं उत्तर सांगायला उभं राहू नये.

खलाशांच्या गाण्याचं ध्रुवपद आधी लिहा आणि इथे टाका. ठेक्यात बसतं का ते बघून सांगते.