पहिल्या एकांकिकेआधी एवढंच बघ

अभिनंदन! "संवाद पाठ आहेत, पण सपाट वाटतात," असं लिहिलंयस. सगळ्यांचं तेच होतं, घाबरू नकोस.

आधी वाक्याच्या पोटातलं वाक्य शोध. घरातून निघताना आपण "येतो" म्हणतो. "जातो" म्हटलं की आई लगेच टोकते. म्हणून भांडणानंतर मुलगा उंबऱ्यावर थांबून "जातो" म्हणाला, की आतला भांड्यांचा आवाज थांबायला हवा. तिथे आवाज चढवलास तर मजा गेली.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- प्रत्येक शब्दाला हात. "आकाश" म्हटलं की बोट वर, "मी" म्हटलं की छातीवर. हे पहिलं बंद कर.
- दुःखाचं वाक्य रडक्या सुरात म्हणणं.
- समोरचा बोलत असताना आपल्या पुढच्या वाक्याची वाट बघत उभं राहणं. (हे मला अजून होतं.)

बापाच्या माझ्या पहिल्या भूमिकेत रुसलेल्या मुलाला "चहा घे" एवढंच म्हणायचं होतं. मी त्यात सगळा पश्चात्ताप ओतत होतो. दिग्दर्शक म्हणाले, सरळ म्हण, फक्त कपाचा कान त्याच्याकडे फिरव. कप बशीवर किंचित वाजला आणि माफी मागून झाली.

नाट्यशास्त्रातले आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा), सात्त्विक (आतल्या भावाचा) हे चार अभिनय आत्ता राहू देत. या आठवड्यात एकच प्रवेश घे, हात खाली ठेवून म्हण, आणि शेवटी एकच हालचाल त्यात घाल. कुठली निवडलीस ते कळव.