प्लॅन बी ठेवला की खरंच फोकस जातो का?

"मॅडम, अजून एक अटेम्प्ट देऊ का सोडून देऊ?" मी समुपदेशक, एमपीएससी करणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी सारखा ऐकते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली तेव्हापासून तर जास्तच, कारण ऑब्जेक्टिव्हवर हात बसलेल्यांना सगळं परत पहिल्यापासून आलंय.

त्यातलाच एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). बीकॉम, वय 27, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा, सकाळी अभ्यासिकेत शिरला की जेवायला मेसमध्ये तेवढा बाहेर. दोनदा मेन्सपर्यंत गेलेला, पोस्ट निघाली नाही. दोन दिवाळ्या घरी गेला नव्हता.

पहिल्या दोन-तीन भेटी नुसत्या कटऑफ आणि जागा किती निघणार यातच गेल्या. मग मी विचारलं, पोस्ट नाही निघाली तर?

"तो विचारच करत नाही. क्लासचे सर म्हणतात प्लॅन बी ठेवला की फोकस जातो."

"बरं, समज उद्या नोकरी धरलीस. वाईटात वाईट काय होईल?"

"गावात म्हणतील, झेपलं नाही याला."

"म्हणू दे. पुढे?"

"पुढे काय... म्हणतील."

"किती दिवस म्हणतील?"

बराच वेळ गप्प होता, बोटाने टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत-घालत. मग एकदम हसला. "दुसऱ्या कुणाचा निकाल लागेपर्यंत."

हे मी सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि परत अभ्यासिकेत जाऊन बसला असता. ते त्याच्या तोंडून आलं म्हणून काम झालं. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसला मानणारी, माणूस घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल स्वतःशी जे बोलतो त्यानेच जास्त खचतो हे मी रोज बघते, आणि भीतीचा शेवटपर्यंत पाठलाग करायला लावणं हेच माझं काम आहे असं मला मनापासून वाटतं. या मुलांना बेकारीपेक्षा हरलो म्हणायची भीती जास्त असते, म्हणून एकेक अटेम्प्ट वाढत जातो.

आता व्यवहाराचं. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गात 38 पर्यंत वय चालतं, म्हणून मुलं निवांत राहतात, पण बँकभरतीच्या आयबीपीएस क्लार्कला खुल्या प्रवर्गाची मर्यादा 28 आहे आणि पीओला (बँक अधिकारी) 30. म्हणजे तुम्ही एका दाराशी उभे असताना बाकीची दारं आधीच बंद होत जातात, तेव्हा ही वयं कागदावर लिहून काढा आणि थांबायची तारीख निकाल लागायच्या आधीच ठरवा, निकालाच्या रात्री कुणालाच धड ठरवता येत नाही. रेझ्युमेत गॅप लपवू नका, सरळ लिहा की इतकी वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी केली, मेन्सपर्यंत गेलो. बीकॉमवाल्यांनी टॅली आणि जीएसटीचं काम हातात घ्या, एखाद्या सीएच्या ऑफिसात अर्धा दिवस का होईना. आणि आईवडिलांना कळकळीची विनंती, फोन लावला की पहिलं वाक्य "निकाल कधी?" हे नको.

तो मुलगा आता त्याच्याच तालुक्यातल्या एका पतसंस्थेत आहे. एमपीएससीच्या कम्बाइनचा (संयुक्त परीक्षेचा) फॉर्मही भरलाय, सकाळी नोकरीला जायच्या आधी दोन तास वाचतो म्हणाला.