दिसलं नाही, तरी उत्तर द्या

प्रश्न : मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करतोय. माणसाला दिसतं कसं, यावर संशोधन करायचं आहे. पण मानसशास्त्र, जीवशास्त्र यांचा गंध नाही. पुन्हा पहिल्यापासून पदवी घ्यावी लागेल का?

उत्तर : अजिबात नाही. १८६० साली सायकोफिजिक्सचा, म्हणजे उजेड-आवाजासारखी उद्दीपनं आणि माणसाला होणारी जाणीव यांचं नातं मोजणाऱ्या शास्त्राचा, पाया घालणारा फेश्नर पदार्थविज्ञानाचाच प्राध्यापक होता. मी स्वतः कॉम्प्युटर सायन्समधून इकडे आले, तेही प्रयोगात ‘निरीक्षक’ म्हणून बसवल्यामुळे.

अंधारी खोली, हनुवटी स्टँडवर टेकवलेली. पडद्यावर क्षणभर फिके पट्टे यायचे. डावीकडे होते की उजवीकडे, एवढंच सांगायचं. ‘माहीत नाही’ असं बटणच नव्हतं. अगदी फिक्या पट्ट्यांना मी चक्क ठोकून देत होते, निदान मला तसं वाटत होतं. आलेख आला तर तिथंही माझी उत्तरं निम्म्यापेक्षा बरीच जास्त बरोबर! मग मला ‘दिसलं नाही’ म्हणजे नक्की काय झालं? या प्रश्नानं मला जे धरलं ते धरलंच.

त्याचं उत्तर शोधताना ‘सिग्नल डिटेक्शन थिअरी’ भेटते. रडारवरचा ठिपका खरा की नुसता गोंधळ, या हिशेबातून ती आली. डोळ्याची क्षमता किती आणि ‘हो, दिसलं’ म्हणायला माणूस किती कचरतो, या दोन गोष्टी ती वेगळ्या काढते. म्हणून संख्याशास्त्र पक्कं करा. पायथन शिका, त्यात असे प्रयोग बनवायचं सायकोपाय हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जीवशास्त्र लागेल तसं वाचता येतं.

तुमचं खरं भांडवल मोजमापात आहे. प्रोग्रॅममध्ये आकडा दुप्पट केला की पडद्याचा उजेड दुप्पट होतो, असं नवखे धरून चालतात. पण उजेड आकड्याच्या घातानं वाढतो, त्या घातांकाला गॅमा म्हणतात; साधारण २.२ गॅमा असलेल्या मॉनिटरवर तो सुमारे साडेचार पट होतो. फोटोमीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, लावून हे आधी तपासणारा विद्यार्थी कुठल्याही लॅबला हवाच असतो.

मार्गदर्शकाला ‘मला या विषयात रस आहे’ एवढंच कळवू नका. तशा मेल्सचा ढीग असतो. त्यांचा एक पेपर वाचा, त्यातल्या एका आलेखावर प्रश्न विचारा. आणि लॅबमधले विद्यार्थी स्वतःच्या प्रयोगात स्वतः बसतात का, हेही विचारा. बसत नसतील, तर मी तरी दुसरी लॅब बघेन.

तुम्ही बसाल तेव्हा चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या. नंबर चुकीचा असला की बारीक पट्टे पहिले गायब होतात, आणि दोष मेंदूवर जातो.