कारणाच्या रकान्यात मजुरीही लिही

प्रिय दोस्ता,

बेघरांच्या रात्रीच्या सर्वेक्षणाचे तुझे फॉर्म वाचले. ‘रस्त्यावर येण्याचं कारण’ या रकान्यात तू जवळपास सगळीकडे ‘व्यसन’ नाहीतर ‘घरगुती भांडण’ लिहिलं आहेस. ही कारणं खोटी नाहीत. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून निघालेल्या बायका तिथे आहेत, दवाखान्यापायी खोली गमावलेले आहेत, दारूत बुडालेलेही आहेत. पण त्यांच्याच शेजारी निजलेला कुणी सकाळी सातला मजूर नाक्यावर कामासाठी उभा राहतो, हे तुझ्या एकाही फॉर्मवर दिसत नाही.

त्याला हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, किती मिळते एवढंच विचारून थांबू नकोस. महिन्यात किती दिवस काम लागलं, मुकादमाकडे किती अडकलंय, गावाकडची उचल फिटली का, हे विचार. पावसाळ्यात बांधकामं मंदावली की चांगल्या हजेरीचाही महिना भरत नाही. खोलीचं डिपॉझिट मात्र एकरकमी लागतं. मुंबईपासून लांब, नालासोपारा, टिटवाळ्याकडे खोली स्वस्त मिळते खरी, पण तिथून नाक्यावर पोहोचेपर्यंत काम वाटून झालेलं असतं. म्हणून तो काम असेल तिथेच पथारी टाकतो. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखलं आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. त्याच निकालाने पालिकेला फुटपाथ मोकळे करायलाही मुभा दिली. हे दोन्ही लक्षात ठेव.

राज्यघटनेच्या 43व्या अनुच्छेदात निर्वाह वेतनाची, म्हणजे नीट जगता येईल एवढ्या मजुरीची गोष्ट आहे. आपण अजून किमान वेतनावरच भांडतो आहोत. ते किमान तरी कसं मोजायचं, हे 1957च्या भारतीय श्रम परिषदेने ठरवून दिलं होतं: कमावणाऱ्यासह कुटुंबाची तीन खाणारी एककं (एक मोठा माणूस म्हणजे एक एकक, मुलं त्याहून कमी), माणशी रोज 2700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी एकूण वेतनाच्या 20 टक्के. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितलं. आणि 2019 साली केंद्राने देशाची तळमजुरी, म्हणजे जिच्याखाली मजुरी जाऊ नये अशी रक्कम, ठरवली ती दिवसाला 178 रुपये! या पैशात कुठल्या शहरात खोलीभाडं बसतं, तूच मांडून बघ. रात्रनिवारे हवेतच, त्यासाठी भांडायचंच. पण निवाऱ्यातून भाड्याच्या खोलीत जायला लागणारा पैसा मजुरीतूनच यायचा आहे.

पुढच्या फेरीत फॉर्मला दोन रकाने जोड: गेल्या महिन्यात कामाचे दिवस, आणि हातात पडलेली रक्कम. बांधकामावरचे असतील त्यांची वेगळी यादी कर. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ठेकेदार सही द्यायला टाळतात. यादी झाली की मला कळव, सह्या मागायला आपण मिळून जाऊ.

तुझी,
ताई